जादा गुणसूत्र आणि मुलाचं शिकणं

“आमच्या घराण्यात असं कुणीच नाही, मग हे आलं कुठून?” बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याचं कळलं की हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो, आणि बहुतेक वेळा तो आजी विचारतात. बाळाची आई शेजारी मान खाली घालून बसलेली असते. म्हणून उत्तराची सुरुवात मी तिच्यापासून करते. गरोदरपणात पाहिलेलं ग्रहण, खाल्लेली पपई, झालेली धावपळ यांपैकी कशानेही हे होत नाही. स्त्रीबीज तयार होताना, क्वचित पुरुषबीज तयार होताना, एकविसाव्या गुणसूत्राची जोडी सुटी होत नाही आणि बाळाच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं येतात. सुमारे ९५ टक्के मुलांत हेच घडलेलं असतं. आईचं वय वाढतं तशी ही शक्यता वाढते, पण पंचविशीतल्या आईच्या पोटीही असं बाळ येतं. तीन-चार टक्के मुलांत मात्र जादा भाग दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेला असतो आणि तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. पुढच्या बाळाचा सल्ला त्यावरच ठरतो. चेहऱ्यावरून निदान स्पष्ट दिसत असलं तरी कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, टाळू नका.

आता मेंदूकडे वळू. हे जादा गुणसूत्र १९५९ मध्ये फ्रान्समधल्या लेज्यून, गोतिए आणि तुर्पँ यांनी जगासमोर आणलं. त्यावर प्रथिनं बनवणारी दोनशेहून थोडी अधिक जनुकं आहेत. ती बिघडलेली नसतात, हे पालकांनी नीट समजून घ्यावं. ती निरोगी असतात, फक्त त्यांच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. त्यामुळे त्यांतली बरीचशी प्रथिनं साधारण दीडपट बनतात. डीवायआरके१ए नावाचं जनुक घ्या. मेंदूतल्या मूळ पेशींनी किती काळ विभागत राहायचं, यावर त्याचा अंमल चालतो. त्याचं प्रमाण वाढलं की पेशी लवकर थांबतात आणि चेतापेशी कमी बनतात. याच जनुकाची एक प्रत कमी असली तरी मुलाचं डोकं लहान राहतं आणि बोलणं फार उशिरा येतं. म्हणजे इथे सगळा खेळ प्रमाणाचा आहे. गर्भात सुरू झालेल्या या फरकामुळे तोल आणि हालचाली सांभाळणारा लहान मेंदू व नवी आठवण पक्की करणारा हिप्पोकॅम्पस हे भाग तुलनेने लहान राहतात, आणि चेतापेशींना फुटणाऱ्या फांद्याही कमी असतात.

मुलाच्या वागण्यात हे कसं दिसतं? ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं या मुलांना जड जातं, पाहिलेलं त्या मानाने बरं टिकतं. त्यांना समजतं पुष्कळ, बोलता येतं त्याहून कमी. “अजून बोलत नाही, म्हणजे कळत नाही” हा निष्कर्ष घरोघरी निघतो आणि तो या मुलांवर अन्याय करतो. एका वेळी एकच सूचना द्या. सांगताना हातवारे करा, वस्तू दाखवा. चित्राखाली ठळक अक्षरांत ‘पाणी’, ‘बस’, ‘आजी’ असे शब्द लिहून रोज दाखवा. डोळ्यांनी वाचलेला शब्द तोंडात यायला मदत करतो. स्पीच थेरपी पहिला शब्द येईपर्यंत लांबवू नका, पहिल्या वर्षातच सुरू करा.

जनुकांचं प्रमाण आज आपल्याला बदलता येत नाही. पण त्या मेंदूचं नुकसान करणाऱ्या काही गोष्टींवर उपचार आहेत, आणि त्याच दुर्लक्षित राहतात याचं मला फार वाईट वाटतं. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. ज्याला अर्धवट ऐकू येतं ते मूल बोलणार कसं? थायरॉइड मंद असेल तर मूलही मंदावतं. टॉन्सिल-ॲडेनॉइडमुळे झोपेत श्वास अडत असेल तर मेंदूला विश्रांतीच मिळत नाही. मूल घोरतं, बसून किंवा मान मागे टाकून झोपतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जन्मानंतर हृदयाची इको, थायरॉइडची तपासणी जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी, कान आणि डोळे नियमितपणे: ही यादी फाइलवर लिहून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे आणि त्याखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी व थेरपी मिळते. अंगणवाडीताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा.

बुद्धी वाढवणाऱ्या औषधांबद्दल स्पष्टच सांगते. मेंदूतल्या संदेशांना आवर घालणारा जादा जोर कमी करण्यासाठी रोश कंपनीने एका गोळीच्या चाचण्या घेतल्या. उंदरांवरच्या प्रयोगांमुळे आशा होती, पण माणसांत फायदा दिसला नाही आणि २०१६ मध्ये ते काम थांबलं. संशोधन चालूच आहे, पण या मुलांची बुद्धी वाढवणारं सिद्ध झालेलं औषध आज उपलब्ध नाही. मग जाहिरातीतली टॉनिकं, घुट्या आणि लाखो रुपयांच्या स्टेम सेल उपचारांची आश्वासनं कशाच्या जोरावर दिली जातात? दागिने गहाण ठेवून तिकडे जाऊ नका.

मूल मोठं झाल्यावरची एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. एपीपी हे जनुकही याच गुणसूत्रावर आहे. त्यापासून ॲमिलॉइड तयार होतं, जे अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत चाळिशीपर्यंत हे साचलेलं असतं. १९९८ मध्ये ७८ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. तिला डाऊन सिंड्रोम होता, पण तिच्यात या गुणसूत्राचा फक्त एक तुकडा जादा होता, त्यात एपीपी नव्हतं, आणि तिला अल्झायमर झाला नव्हता. एका जनुकाचं वजन याहून स्पष्ट कसं दिसणार?

म्हणून घरात डाऊन सिंड्रोम असलेले चाळिशीतले काका, मावशी किंवा भाऊ असतील आणि ते गप्प राहू लागले, नेहमीची कामं विसरू लागले, तर “आता असंच होणार” म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, मोतीबिंदू, कान, झोप आणि नैराश्य आधी तपासून घ्या. यांतल्या प्रत्येकावर उपचार आहे.