आधी गावाचं वेळापत्रक

पवित्र पोर्टलच्या निवड यादीत माझ्या नावापुढे रायगड जिल्हा आला, तेव्हा औशातल्या आमच्या घरी सगळ्यांना अलिबागचा समुद्रच दिसला. शाळा मिळाली ती मात्र पोलादपूर तालुक्यात, महाबळेश्वरच्या डोंगराखाली. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन, त्यातला एक मी: महिना सहा हजार मानधनावरचा शिक्षण सेवक. (हे मानधन २०२३ मध्ये सोळा हजार झालं, तोवर माझी तीन वर्षं भरली होती!) कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आमच्यासारखे मराठवाड्यातले, घाटावरचे मास्तर वर्षानुवर्षं येताहेत. पुढे येणाऱ्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. पावसाच्या आकड्यावर जाऊ नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्याच वर्षी २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट वाहून गेला. कोकणात गेलं की पाण्याची ददात संपली, असा आमच्याकडे सगळ्यांचा समज. इथे लातूरच्या जवळपास चौपट पाऊस पडतो, आणि तरीही उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर फिरतात. उतार उभा, खाली काळा कातळ. पडलेलं पाणी ओढ्यातून सावित्रीत आणि सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत निघून जातं. एप्रिलमध्ये एखादी मुलगी उशिरा आली तर हजेरीपटावर रेघ मारण्याआधी तिला झऱ्यावर किती वेळ नंबर लागला होता, ते विचारा.

२. वस्तीच्या गाडीशी संबंध चांगले ठेवा. संध्याकाळी येते, गावात मुक्काम करते आणि पहाटे परत जाते ती वस्तीची एसटी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात पथारी टाकतात. महाडला शिकणाऱ्या पोराचा डबा, आजीच्या बीपीच्या गोळ्या, केंद्रशाळेत पोचवायचे कागद, सगळं तिच्यातून जातं-येतं. मोबाइलला रेंज हवी तर खिंडीपर्यंत चढून जावं लागतं, त्यामुळे बातमीही तिच्यातूनच येते. पावसाळ्यात गाडी आली नाही की रस्त्यावर पाणी चढलं किंवा दरड आली, हे गाव ओळखतं. केंद्रप्रमुखांचा मेसेज दुसऱ्या दिवशी पोचतो.

३. वाल सोलायला बसा. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा यांची आठवण येणारच. पण इथे तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, आणि सोबत कडव्या वालाचं बिरडं. वाल रात्रभर भिजत घालायचे, उपसून फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. बोटांत दाबला की साल हातात राहते आणि डाळ टुणकन ताटात पडते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंच्या अंगणात बायका सोलायला बसल्या की मीही मांडी घालून बसायचो. सुरुवातीला हसल्या, मग बोलायला लागल्या. कुणाचा बाप मुंबईला गेला तो पैसे पाठवत नाही, कोणतं पोर आजीजवळ एकटं राहतं, कुणाला रात्री नीट दिसत नाही. कुटुंब सर्वेक्षणाच्या कोणत्याही तक्त्यात एवढी माहिती भरायला जागा नसते.

४. पोरं हसली तर हसू द्या. माझ्या बोलण्याचा हेल ऐकून पहिलीचा वर्ग खुदूखुदू हसायचा आणि त्यांचं भरभर बोलणं मला पुन्हा विचारावं लागायचं. आमच्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, चिनी शिकले आणि युद्धाच्या धामधुमीत तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. आपल्याला तर मराठीतून मराठीतच यायचं आहे. पोरांना गोष्टी सांगायला लावा, आपण ऐका. दिवाळीपर्यंत कान बसतो.

५. गाव दोन ठिकाणी राहतं, हे विसरू नका. अर्धी घरं कुलूपबंद दिसली म्हणून गाव ओस पडलं असं समजू नका. गाव मुंबईत आहे. पूर्वी ते गिरणगावात गावकीच्या खोल्यांवर राहायचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि ते हळूहळू दिवा, नालासोपारा, विरारकडे सरकलं. गावातले मोठे निर्णय मुंबईकर मंडळाच्या बैठकीत होतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या शाळेचे पत्रे उडाले. पंचनामा झाला, प्रस्ताव गेला, तो त्याच्या गतीने फिरत राहिला. मंडळाने वर्गणी काढली आणि टेम्पोतून पत्रे पाठवले. सरपंचांना भेटता तसं मंडळाच्या लोकांनाही गणपतीत आणि शिमग्याला आवर्जून भेटा. दुसरी बाजूही आहे: गणपतीला आलेले आईबाप परत जाताना पोराचा दाखला मागतात. पट असा एकेकाने उतरतो आणि त्यावर मास्तराचा इलाज चालत नाही. त्या पोराला वाचता येत असेल एवढंच आपण आधी बघायचं.

६. लावणीच्या दिवसांत चिडचिड करू नका. जुलैत आई-आजी इरलं पाठीवर घेऊन दिवसभर खाचरात वाकलेल्या असतात. अशा वेळी पाचवीतली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात आली तर दोघांनाही बसवून घ्या. परत पाठवलंत तर शाळेबाहेर एक नाही, दोन पोरं राहतील.

७. डोंगराकडे रोज बघा. २२ जुलै २०२१ च्या आसपास महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते. महाड शहर पाण्याखाली गेलं, तळियेची वाडी दरडीखाली गेली आणि ऐंशीच्या वर माणसं दगावली. आमच्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरड आली. जुलै २००५ मध्ये दासगाव आणि जुई या गावांनी हेच भोगलं होतं. गावातली जुनी माणसं काही खुणा बघतात. स्वच्छ झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी येणं, कोरड्या उतारातून नवा पाझर फुटणं, जमिनीला भेग पडणं, झाड किंवा विजेचा खांब कलणं. हे परिसर अभ्यासाच्या पुस्तकात सापडेपर्यंत थांबू नका. पाऊस लागला की मी रोज परिपाठानंतर विचारतो, 'आज येताना घरामागे काय दिसलं?' पोरं चोख सांगतात. गढूळ पाणी म्हटलं की मी पोलीस पाटलांच्या घरी जाऊन येतो. दहापैकी नऊ वेळा काही नसतं, पण त्यावरून कुणी हसत नाही.

८. धड्यातल्या जागा पायाखाली आणा. चौथीच्या इतिहासात तानाजी मालुसरे आहेत. त्यांचं उमरठ याच तालुक्यात. वर्गात मालुसरे आडनावाचं पोर असलं तर तो धडा तुम्ही शिकवायचा नाही, त्याच्याकडून ऐकायचा. महाडचं चवदार तळंही एसटीने जाऊन यावं इतकं जवळ. तळ्याच्या पायऱ्यांवर एका पोराने विचारलं, 'गुरुजी, पाणी प्यायला एवढी माणसं कशाला लागली?' मग सांगावं लागलं की हे तळं सगळ्यांना खुलं केल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, पण ज्यांना आजवर मनाई होती त्यांच्या ओंजळीत पाणी आलं २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन उतरले तेव्हा. तीन वर्षं ठराव कागदावरच राहिला. 'मग ठराव केला कशाला?' हा त्याचा पुढचा प्रश्न. येतानाच्या गाडीत त्यावरच बोलणं चाललं.

९. बदलीचा अर्ज खुशाल भरा. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मीही भरलेला आहे. आईवडील थकलेत आणि लातूर इथून एका रात्रीच्या प्रवासाचं आहे. गावाला हे ठाऊक असतं, त्याचा रागही नसतो. मुंबईला गेलेली माणसं घरोघर आहेत, लांब राहणं म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही. राग येतो तो रुजू झाल्याच्या दिवसापासून बॅग भरून बसलेल्या मास्तराचा. बदली होईल तेव्हा होईल, तोवर पाहुण्यासारखं राहू नका. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात चारच गोष्टी विचारून घ्या: वस्तीची गाडी किती वाजता सुटते, लावणी कधी लागते, घरामागचा डोंगर मागे कधी सरकला होता आणि मुंबई मंडळाचा अध्यक्ष कोण. शाळेचं वेळापत्रक फळ्याशेजारी चिकटवायचं ते यानंतर.