अदृश्य धागा : निवड, वापर आणि मर्यादा

हवेत तरंगणारी नोट, स्पर्शाविना सरकणारी आगपेटी, तसबिरीवरून आपोआप घसरणारी माळ. अशा प्रयोगांच्या मुळाशी पुष्कळदा एक धागा असतो, हे आता पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. ठाऊक असूनही तो दिसत नाही, हीच त्यातील गंमत आणि तेच त्यातील शास्त्र. वसतिगृहातून बाहेर पडलेले आमचे काही माजी विद्यार्थी गावोगावी चमत्कारांमागील विज्ञान दाखवितात. धागा कोणता घ्यावा, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. हा पाठ प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

धागा जितका बारीक तितका अदृश्य, हा समज अर्धाच खरा आहे. दोन बिंदू वेगवेगळे दिसण्यासाठी आपल्या डोळ्याला त्यांच्यात सुमारे एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर लागते. रेषेला मात्र हा नियम लागू पडत नाही. उजळ आकाशापुढची काळी तार याहून कितीतरी बारीक असली तरी डोळा ती टिपतो. उलट, पहाटे उन्हात अंगणभर चकाकणारे कोळ्याचे जाळे दुपारी तोंडाला चिकटेपर्यंत कळत नाही. म्हणजे धागा दिसणे वा न दिसणे हे त्याच्या मागे काय आहे आणि त्यावर उजेड कोठून पडतो, यावरही तितकेच अवलंबून असते. म्हणून आमचा आग्रह असा की, आधी जागा पाहावी, मग धागा निवडावा.

नवशिके बहुधा तंगूस घेतात. तो मजबूत असतो, परंतु चकाकतो, साधा ०.२ मिलिमीटरचा तंगूसही माणसाच्या केसाच्या दुपटीहून जाड असतो. लांब काळा केस हे जुने आणि फुकटचे साधन, मात्र त्याची लांबी अपुरी पडते. उत्तम उपाय म्हणजे ओव्हरलॉक शिलाईत वापरतात तो फुगीर, मऊ नायलॉनचा काळा दोरा. त्याचा हातभर तुकडा घेऊन टोक उलगडले की आत अनेक तंतू दिसतात. त्यांतील एकच तंतू हलक्या हाताने ओढून काढावा. तो चकाकत नाही. नोटेचे वजन एका ग्रॅमच्या आसपास असते. ते तो सहज पेलतो, पण हिसका सोसत नाही. वस्तू जड असेल तर केव्हलारचा काळा रंगविलेला धागा घ्यावा. मूळ पिवळसर रंगाचा घेऊ नये. ताणला जाणारा स्पॅन्डेक्सचा तंतू वस्तू स्वतःहून हाताकडे परत आणतो, पण तो जपून हाताळावा लागतो. वजन फारच असेल तर भार विभागणे हाच मार्ग. अमेरिकेचे जादूगार हॅरी केलर विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रीला अधांतरी तरंगवीत, तेव्हा तिचा भार एका जाड तारेवर नसून अनेक बारीक तारांवर वाटलेला असे.

तंतू सोडविताना पांढरा कागद खाली धरावा, नाहीतर टोक सापडत नाही. दोन्ही टोकांना मोहरीएवढी मेणाची गोळी लावावी. एक वस्तूला, दुसरी सदऱ्याच्या गुंडीला. कपडे गडद आणि नक्षीचे असावेत. शाळेच्या रंगमंचावर मागे पांढरा फलक लावण्याची पद्धत असते. काळ्या धाग्याला त्यासारखा शत्रू नाही. बाजूने किंवा मागून येणारा झोतही तसाच घातक.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. सतरंजीवर बसलेल्या मुलांची नजर खालून वर जाते. त्यांना धाग्यामागे पडदा दिसत नाही, छतावरची पेटलेली ट्यूबलाइट दिसते. मोठ्यांना न दिसलेला धागा मुले म्हणूनच पाहतात. तेव्हा तालमीच्या वेळी एकाने पुढच्या रांगेत सतरंजीवर बसलेच पाहिजे. आरशापुढची तालीम पुरेशी नव्हे.

प्रयोग संपताच धाग्याचे तुकडे वेचून घ्यावेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली. पाखरांच्या पायात अडकण्यास आपला तंतूही पुरतो. येण्याजाण्याच्या वाटेवर गळ्याच्या उंचीला धागा कधीही बांधू नये.

आता मर्यादेविषयी. धागा जादूगारही वापरतो आणि बुवाही. जादूगार फसवितो, पण तसे सांगून. त्याचे पोट त्यावर चालते. म्हणून रंगमंचावरील कलावंतांची रहस्ये आम्ही फोडीत नाही. बुवाचा प्रकार निराळा. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळविणे व लोकांना फसविणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. विनयपिटकातील पिंडोल भारद्वाजाची कथाही येथे आठवते. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंच टांगलेले चंदनाचे पात्र त्याने ऋद्धिबळाने हवेतून जाऊन आणले. बुद्धांनी त्याची निर्भर्त्सना केली, पात्र फोडावयास लावले आणि गृहस्थांपुढे असे प्रदर्शन करण्यास भिक्खूंना मनाई केली.

कार्यक्रमाच्या शेवटी आमचे विद्यार्थी धागा प्रेक्षकांच्या हाती देतात. त्या वेळी कोणी वयस्कर गृहस्थ किंवा आजी म्हणतातच, "बाळा, हे तुझं झालं. आमच्या महाराजांकडे दोरा नव्हता." येथे घाई करू नये. महाराजांचा धागा आपण पाहिलेला नसतो. न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगणे हे आपल्याला शोभणारे नाही. "आजी, धाग्यानेही असे होते, एवढेच आम्ही दाखविले," असे म्हणावे. मग महाराजांनी तोच प्रयोग पुन्हा करावा अशी नम्र विनंती करावी : भरदुपारी, मागे पांढरी चादर बांधून, आणि पुढच्या रांगेत सतरंजीवर मुले बसवून.