थंडीतले खुराडे : ऊब किती आणि हवा किती?

कोंबडीपालनाचा जोडधंदा करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंचे नुकसान वर्षातून दोन वेळा होते. एकदा एप्रिल-मे महिन्यांत आणि दुसऱ्यांदा डिसेंबर-जानेवारीत. उन्हाळ्यातले नुकसान डोळ्यांदेखत होते. थंडीतले रात्री होते आणि मालक सकाळी उठून मेलेली पिले मोजतो. मालेगाव, धुळे, येवला या भागात पारा 8-10 अंशांपर्यंत उतरणे नवे नाही. निफाडला तर काही वर्षी तो 5 अंशांच्याही खाली गेला आहे. अशा थंडीत खुराडे कसे राखावे, याचा विचार या धड्यात करू. आम्ही मूळचे कापडवाले. पण घरामागे कोंबड्या पूर्वीपासून आहेत आणि पडद्याच्या कापडाबद्दल दोन शब्द बोलण्याचा आम्हाला हक्कही आहे.

आधी मूळ गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठ्या कोंबडीच्या अंगाचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते टिकवायला तिच्याजवळ पिसांची दुलई असते. एका दिवसाच्या पिलाला फक्त लव असते. अंगावर पुरी पिसे यायला तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत ऊब बाहेरूनच द्यावी लागते. म्हणून थंडीचा खरा प्रश्न पिलांचा आहे, मोठ्या कोंबड्यांचा त्यामानाने कमी.

पहिल्या आठवड्यात पिलांजवळ 95 अंश फॅरनहाइट, म्हणजे 35 अंश सेल्सिअस उष्णता हवी. पुढे दर आठवड्याला 5 अंश फॅरनहाइट कमी करीत 70 पर्यंत आणावी. दर पिलामागे 2 वॅट हा दिव्याचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे 100 पिलांना 100 वॅटचे दोन दिवे. कडक थंडीत एक जादा दिवा तयार ठेवावा. दिवे जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, साखळीने पक्के टांगावेत. वायरीवर लोंबकळत ठेवलेला दिवा तुसात पडला की आग लागते.

इथे एक फसगत होते. आमच्या ओळखीच्या एका यंत्रमाग कामगाराने जानेवारीत 100 पिले आणली. दुकानदाराने त्याला वीज वाचते म्हणून एलईडी दिवे दिले. उजेड लख्ख पडला, ऊब मात्र नाही. सकाळी कोपऱ्यातल्या ढिगाखालून तीस-पस्तीस पिले मेलेली निघाली. तो आम्हाला म्हणाला, "चाचा, दिवे तर रात्रभर चालू होते!" दिवे चालू होते हे खरे, पण एलईडीची खुबीच अशी की तो वीज उष्णतेत फारशी घालवीत नाही. आपल्याला इथे तीच उष्णता हवी असते. तेव्हा जुना तारेचा पिवळा दिवा किंवा पिलांसाठी मिळणारा उष्णतेचा खास दिवाच घ्यावा.

पिले ढिगाने दबून मेली त्याचे दुसरे कारण कोपरा. गारठलेली पिले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा दीड फूट उंचीचा गोल कडा करावा. 100 पिलांना पाच फूट व्यासाचा कडा सुरुवातीला पुरतो. पिले वाढतील तसा तो रुंद करावा आणि दहा दिवसांनी काढून टाकावा.

थर्मामीटर नसला तरी पिलेच सांगतात. दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट करीत असतील तर ऊब कमी. दिव्यापासून लांब, चोची उघड्या ठेवून बसली तर जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली तर समोरून वारा येतो आहे. सर्वत्र सारखी पसरून खात-पीत असतील तर ठीक. ही पाहणी फजरच्या आधी एकदा जरूर करावी, कारण रात्रीतली सर्वांत कडक थंडी त्याच सुमारास असते.

आता पडदे. लोक बहुधा प्लास्टिकची ताडपत्री चारी बाजूंनी गच्च बांधतात. हे आम्हाला बिलकूल पसंत नाही. कोंबड्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ प्लास्टिकमधून बाहेर जात नाही. ती आतून थेंब होऊन खाली गळते, तूस ओले होते आणि अमोनियाचा उग्र वास सुटतो. त्यातून डोळे येतात, सर्दी-घरघर सुरू होते. मालक म्हणतो थंडी बाधली. बाधलेली असते कोंडलेली हवा. तागाचे गोणपाट वारा अडवते आणि वाफही जाऊ देते. दोन गोणपाटे एकावर एक शिवून घेतली तर उत्तम. हल्ली बाजारात बहुतेक पोती प्लास्टिकच्या विणीची असतात, म्हणून एक धागा काढून जाळून पाहावा. तागाची राख होते आणि कागद जळाल्यासारखा वास येतो. प्लास्टिक वितळून त्याचा गोळा होतो.

पडदा खालून पक्का आणि वरून उघडणारा असावा. वरची फूटभर जागा रात्रीही मोकळी ठेवावी. गरम, दमट हवा तिथून निघून जाते आणि गार वारा पिलांच्या अंगावर येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, तेव्हा दहा वाजता दक्षिणेचा पडदा उतरवावा आणि असरनंतर चढवावा. उत्तरेचा दिवसाही अर्धा लावलेला चालतो. हवा ठीक आहे का हे उभे राहून कळत नाही. पिलाच्या उंचीपर्यंत वाकावे. आपले डोळे चुरचुरले तर पिलांचे काय होत असेल?

कोळशाची शेगडी पेटवून पडदे बंद करणे तर जीवघेणे आहे. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास. तो कोंबडीला मारतो आणि राखण करायला शेजारी झोपलेल्या माणसालाही.

जमिनीवर एरवी दोन-तीन इंच भाताचे तूस पुरते, थंडीत चार-पाच इंच घालावे. मूठभर तूस दाबून पाहावे. गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त. बनून लगेच फुटला तर बरोबर. ओला भाग, विशेषतः पाण्याच्या भांड्याभोवतीचा, रोज काढावा. आमचे विणकर बंधू फुकट मिळते म्हणून मागाखालचे टाकाऊ सूत अंथरतात. तसे करू नये. सूत पायांना गुंडाळते आणि पिलाने गिळले तर अन्नाच्या पिशवीत अडकते.

वीज गेली तर? दहा-बारा पिले असतील तर खुडूक कोंबडीसारखा दुसरा दिवा नाही. रात्री पिले हळूच तिच्या पंखाखाली सोडावीत. जास्त असतील तर डालग्यावर गोणपाट टाकून त्याखाली थोडी थोडी ठेवावीत, हवेला फट राखून.

खर्चाचे म्हणाल तर 200 वॅट चोवीस तास म्हणजे रोजचे 4.8 युनिट. पहिला आठवडा अखंड आणि दुसरा फक्त रात्री बारा तास धरला तर दोन्ही मिळून सुमारे 50 युनिट होतात. आपल्या बिलातल्या दराने गुणावे आणि तो खर्च पिलांच्या किमतीत धरूनच धंदा मांडावा.

मोठ्या कोंबड्यांना सकाळी कोमट पाणी आणि मगरिबच्या आधी मूठभर मका द्यावा. दाणा रात्रभर पचतो आणि अंगात ऊब राहते. बसायची काठी दीड-दोन इंच रुंद असावी, म्हणजे पायाची बोटे छातीच्या पिसांखाली झाकली जातात. थंडीत त्या खातातही जास्त, तेव्हा खाद्य आखडू नये.

अंडी मात्र कमी होतात आणि तीही नेमकी गिऱ्हाईक वाढते त्या दिवसांत. याचा दोष लोक थंडीला देतात, पण मुख्य कारण उजेड आहे. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा असतो आणि अंड्यावरच्या कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो. तो पहाटे आणि संध्याकाळी दिवा लावून भरून काढावा, वेळा रोज त्याच ठेवाव्यात. इथे ऊब नको, नुसता उजेड हवा. म्हणजे त्या कामगाराचे एलईडी दिवे याच कामाचे.