फलनांची साठवण : ‘आर’ संगणकभाषेतील एक पाठ

आपल्यापैकी अनेक वैद्यकबंधू-भगिनी शिबिरांतील नोंदी, पदव्युत्तर प्रबंधाची आकडेमोड किंवा दवाखान्यातील मधुमेही रुग्णांचा आढावा यांसाठी ‘आर’ ही संख्याशास्त्रीय संगणकभाषा वापरू लागले आहेत. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ती रचली. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य आहे, हे आपल्यासारख्या स्वखर्चाने संशोधन करणाऱ्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. तरुण डॉक्टरांना ही भाषा शिकविताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : “सर, काल लिहिलेलं फंक्शन आज पुन्हा कसं आणायचं?” उत्तर दिसते तेवढे सरळ नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

वैद्यकक्षेत्राबाहेरील वाचकांसाठी एवढेच सांगतो, की गणितात ज्यास आपण फलन म्हणतो तेच हे फंक्शन. वजन व उंची दिली की बीएमआय काढून देणारी ती एक लिहून ठेवलेली कृती असते. ‘आर’मध्ये फंक्शन हीदेखील एक वस्तूच मानली जाते. रुग्णांचा तक्ता जसा साठविता येतो, तसेच फंक्शनही साठविता येते.

साठविण्याच्या मुख्य रीती तीन आहेत. ‘सेव्ह’ ही आज्ञा वस्तू तिच्या नावासह द्विमान फाईलमध्ये ठेवते आणि ‘लोड’ ती त्याच नावाने परत आणते. ‘सेव्ह-आरडीएस’ एकच वस्तू नावाशिवाय ठेवते. ‘रीड-आरडीएस’ने परत आणताना तिला नाव आपण द्यायचे. तिसरी रीत म्हणजे फंक्शनचा मजकूर साध्या अक्षरांत लिहून ठेवणे (‘डम्प’ ही आज्ञा हेच करते) आणि ‘सोर्स’ या आज्ञेने तो पुन्हा वाचून घेणे. पहिल्या दोन रीती म्हणजे कंपाउंडरने बाटलीत भरून दिलेले मिक्श्चर. तिसरी म्हणजे प्रिस्क्रिप्शन. बाटलीत काय आहे हे पाहून कळत नाही, चिठ्ठी मात्र कोणालाही वाचता येते. माझा कल चिठ्ठीकडे आहे, आणि त्याची कारणे केवळ सोयीची नाहीत.

समजा, शिबिरातील अतिवजनी व्यक्ती मोजणारे एक फंक्शन आपण लिहिले आणि अतिवजनाची सीमा फंक्शनच्या आत न लिहिता बाहेर वेगळी ठेवली. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ सालच्या सहमती-निवेदनानुसार ती २३ धरली. जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण सीमा २५ आहे. आता ‘सेव्ह’ला फक्त फंक्शनचे नाव दिले, तर फंक्शन साठविले जाते, बाहेरची ती सीमा साठविली जात नाही. दुसऱ्या संगणकावर ते लोड केले आणि तेथे त्या नावाची वस्तूच नसली, तर संगणक चूक दाखवितो, ते बरेच. पण तेथे कोणी त्याच नावाखाली २५ ठेवले असतील, तर फंक्शन बिनतक्रार चालते आणि २४ बीएमआय असलेली सर्व माणसे गणतीतून गळतात. म्हणून अशी सीमा फंक्शनला दरवेळी स्पष्टपणे द्यावी. फंक्शन ज्या बाहेरच्या पॅकेजांवर विसंबून असते, तीही फाईलबरोबर येत नाहीत.

याच्या अगदी उलट धोका मला अधिक गंभीर वाटतो. एका फंक्शनच्या आत दुसरे फंक्शन निर्माण केले, तर आतले फंक्शन आपल्या जन्मस्थानाचा सगळा परिसर बरोबर बाळगते. रुग्णांचा तक्ता घेऊन सरासरी व प्रमाण विचलन काढणारे आणि शेवटी त्यांवर आधारित दोन ओळींचे फंक्शन परत देणारे एखादे फंक्शन डोळ्यांसमोर आणा. त्या दोन ओळी साठवून सहकाऱ्यास ई-मेलने पाठविल्या, की सोबत संपूर्ण तक्ता जातो. त्यात रुग्णांची नावे, मोबाईल क्रमांक, कदाचित एचआयव्हीचा अहवालही असेल. फंक्शन छापून पाहिले तरी यांतले काही दिसत नाही. संशयास जागा देणारी एक खूण म्हणजे फाईलचा अवाजवी आकार. ‘एन्व्हायर्नमेंट’ या आज्ञेने तो परिसर मिळवून त्यावर ‘एलएस’ चालवावे, म्हणजे आत काय दडले आहे त्याची नावे कळतात. फंक्शन परत देण्यापूर्वी ‘आरएम’ने तक्ता काढून टाकणे हा त्यावरील उपाय. ‘एलएम’ने तयार केलेली रिग्रेशनची वस्तूही वापरलेली आकडेवारी स्वतःजवळ ठेवते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

‘लोड’चा आणखी एक स्वभाव असा, की त्याच नावाची वस्तू आधीच असली तर तो न विचारता तिच्यावर नवी बसवितो. क्रिएटिनिनवरून ईजीएफआर काढण्याचे सीकेडी-ईपीआय सूत्र २००९ साली आले. २०२१ साली त्यातील वंशाचा गुणक वगळून नवे सूत्र मांडले गेले व त्यातील गुणांकही बदलले. नवे फंक्शन वाचून घेतल्यानंतर कोणी जुनी फाईल लोड केली आणि दोहोंचे नाव एकच असले, तर पुढील सारे रुग्ण जुन्या सूत्राने मोजले जातील. साठच्या आसपास असलेल्या रुग्णाची अवस्था त्यामुळे बदलू शकते. मजकुराच्या फाईलमध्ये सूत्राचे साल वरच टिपून ठेवता येते. ‘आर’ बंद करताना कार्यक्षेत्र साठवू का, असा प्रश्न येतो. त्यास ‘नाही’ म्हणावे. ‘होय’ म्हटल्यास त्या फोल्डरमधून पुढच्या वेळी ‘आर’ सुरू करताच कालच्या साऱ्या वस्तू आपोआप हजर होतात.

द्विमान फाईल पाठवायचीच असेल, तर आवृत्त्या जुळवून पाहाव्यात. २०१९च्या ३.६.० पासून साठवणीचा नेहमीचा साचा बदलला असून त्यातील फाईल ३.५.० पूर्वीच्या ‘आर’ला वाचता येत नाही. आणि अनोळखी व्यक्तीकडून आलेली अशी फाईल उघडूच नये. ती वाचताना आत दडविलेल्या आज्ञा चालू शकतील असा एक दोष २०२४ साली ४.४.० या आवृत्तीत दुरुस्त करण्यात आला. ज्यांच्या संगणकावर त्याआधीची आवृत्ती आहे, त्यांनी ती बदलून घ्यावी.