जुन्या ट्रॅक्टरचा रेडिएटर : काढणें, दुरुस्त करणें व पुन्हां बसविणें

खानदेशांत वैशाखाचें ऊन पडलें म्हणजे शेतकऱ्यास नांगरट उरकण्याची घाई असते, आणि नेमका त्याच वेळीं जुना ट्रॅक्टर तापूं लागतो. जळगांव-धुळ्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, व वाळलेल्या काळ्या जमिनींत नांगर ओढतांना एंजिनावर पूर्ण भार असतो. पाणी उकळूं लागल्यावरहि यंत्र तसेंच चालविलें, तर हेडाचें गास्केट जळतें, हेडास बांक येतो, प्रसंगीं पिस्टन अडकतो. रेडिएटरच्या दुरुस्तीस एक-दोन दिवस पुरतात. एंजिन उघडावें लागल्यास हंगाम हातचा जातो. यास्तव हें काम नांगरटीपूर्वींच उरकावें.

१९६० सालीं मद्रासेस स्थापन झालेल्या ‘टाफे’ कारखान्याचे मॅसी फर्ग्युसन, अथवा १९६३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे बी-२७५, हे जुने ट्रॅक्टर पाण्यानें थंड होणारे आहेत. १९५९ सालीं फरीदाबादेहून निघालेल्या आयशरचें एंजिन मात्र हवेनें थंड होतें. त्यास रेडिएटरच नाहीं.

जुन्या रेडिएटरचे मुख्य भाग तीन : वरची टांकी, खालची टांकी व मधली जाळी. तापलेलें पाणी वरच्या टांकींत येतें, जाळीच्या चपट्या नळ्यांतून उतरतांना पंख्याच्या वाऱ्यानें निवतें, व पंपाच्या योगें पुन्हां एंजिनांत जातें. हे भाग तांब्या-पितळेचे असून सांधे डाक देऊन जोडलेले असतात. म्हणूनच त्यांची दुरुस्ती साध्या साधनांनीं होऊं शकते.

प्रथम दोष ओळखावा

ट्रॅक्टर तापला म्हणजे रेडिएटरच बिघडला असें नव्हे. पंख्याचा पट्टा ढिला आहे काय, जाळींत कापसाचे तंतू, भुसा व धूळ बसली आहे काय, थर्मोस्टॅट उघडतो काय, हें आधीं पाहावें. थंड एंजिन टोपण काढून सुरू केलें असतां पाण्यांत सतत बुडबुडे येत असतील, किंवा पाण्यावर तेलाचा तवंग दिसत असेल, तर दोष बहुधा गास्केटाचा समजावा. जाळीवर हिरवट वा पांढरट डाग असल्यास तेथें गळती आहे. जाळीचा कांहीं भाग तापतो व कांहीं थंडच राहतो, तर आंतील नळ्या तुंबल्या आहेत.

काढण्याची रीत

(१) एंजिन पूर्ण निवूं द्यावें. गरम असतां टोपण कदापि उघडूं नये. टोपण ७ पौंडांचा दाब धरीत असेल, तर आंतील पाणी न उकळतां सुमारें १११ अंशांपर्यंत तापतें. टोपण फिरवितांच दाब जाऊन तें उसळतें व तोंड-हात भाजून काढतें.

(२) बॅटरीची तार सोडावी. खालच्या टांकीची व एंजिनाच्या बाजूची तोटी उघडून पाणी घमेल्यांत धरावें. पाण्यांत कूलंट असेल, तर तें गोड पण विषारी असतें. गुरें व कुत्रीं चाटणार नाहींत असें ठेवावें.

(३) बॉनेट व पुढील जाळीदार पत्रा काढून रबरी पाइपांच्या क्लिपा सैल कराव्या. चिकटलेला पाइप पिळूं नये. टांकीची पितळी मान उपटते. त्यापेक्षां पाइपच सुरीनें उभा चिरावा.

(४) पंख्याभोंवतींचें कवच असल्यास तें व वरचे आधार सोडून शेवटीं खालचे बोल्ट काढावे. रबरी चकत्या कोणत्या बाजूच्या, याची चिठ्ठी बांधून ठेवावी.

(५) पंखा व जाळी यांमध्यें जाड पुठ्ठा सरकवून दोघांनीं रेडिएटर सरळ वर उचलावा.

तपासणी व दुरुस्ती

जाळी एंजिनाकडील बाजूनें, पाण्याच्या सौम्य धारेनें धुवावी. आंतून धुतांना पाणी खालच्या मानेंतून सोडून वरून काढावें. क्षार बसले असल्यास लिंबूसत्त्वाचें कोमट पाणी कांहीं तास भरून ठेवावें व मग पुष्कळ पाण्यानें खळबळून काढावें. तीव्र आम्ल वापरूं नये; तें धातूस खातें.

नंतर तोंडें बंद करून सायकलच्या पंपानें हवा भरावी व रेडिएटर हौदांत बुडवावा. बुडबुडा येईल तेथें खूण करावी. टोपणावर लिहिलेल्या दाबाहून अधिक हवा भरूं नये. टांकी वा सांधा गळत असल्यास जागा घांसून चकचकीत करावी, डाकाचें आम्ल लावून कथील-शिशाचा डाक द्यावा. उघडी ज्योत सबंध टांकीवर फिरविल्यास शेजारचे सांधे सुटतात. शिशाची वाफ अपायकारक असल्यानें काम मोकळ्या हवेंत करावें. आंतील दोन-चार नळ्या फुटल्या असल्यास त्यांचीं तोंडें डाकानें बुजवावीं. अधिक फुटल्या असतील तर नवी जाळीच घालावी.

गळती थांबविण्यासाठीं पाण्यांत हळद टाकण्याची युक्ति सर्वश्रुत आहे. शेतांतून घरीं येण्यापुरती ती ठीक. नेहमीं केल्यास नळ्या तुंबतात.

बसविणें व पुढील काळजी

उलट क्रमानें बसवावा; रबरी पाइप व क्लिपा नव्या घ्याव्या. पट्टा अंगठ्यानें दाबल्यास साधारण अर्धा इंच दबावा. पाणी हळूहळू भरून, टोपण न लावतां एंजिन संथ चालवावें. थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी उतरेल तेवढें पाणी पुन्हां घालावें. तापलेल्या एंजिनांत थंड पाणी कधींहि ओतूं नये, बीड तडकतें.

मुख्य गोष्ट पाण्याची. विहिरी-बोअरचें जड पाणी रोज भरल्यानें प्रत्येक उकळीबरोबर क्षारांचा थर वाढतो, व दुरुस्त केलेला रेडिएटर पुन्हां तुंबतो. स्वच्छ गाळलेलें पावसाचें पाणी किंवा शुद्ध केलेलें पाणी कूलंटसह वापरावें. महसूल खात्यांत कारकुनी करतांना लागलेली नोंदीची संवय येथेंहि उपयोगी पडते : वहींत पाणी बदलल्याची तारीख व दररोज किती पाणी घालावें लागलें तें लिहावें. तो आंकडा वाढूं लागला, कीं गळती डोळ्यांस दिसण्यापूर्वींच वहींत दिसते, आणि भर वैशाखांत ट्रॅक्टर बांधावर उभा राहण्याचा प्रसंग टळतो.