अमेरिकेची डीव्हीडी टोकावड्यात का लागत नाही?

प्रश्न : टोकावड्याच्या एका वाचकाच्या भाच्याने अमेरिकेहून आणलेली सिनेमाची डीव्हीडी घरच्या कॉम्प्युटरवर लागत नाही. लग्नाची डीव्हीडी मात्र व्यवस्थित चालते. ड्राइव्ह बिघडला का?

उत्तर : ड्राइव्ह बहुधा ठणठणीत आहे. सिनेमा कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले. अमेरिका पहिल्यात, भारत पाचव्यात. एका विभागाची डीव्हीडी दुसऱ्या विभागाच्या ड्राइव्हवर लागू नये म्हणून तिला कुलूप घातलेलं असतं. लग्नाच्या डीव्हीडीला असं कुलूप नसतं. कव्हरच्या मागे पृथ्वीच्या गोलात छापलेला आकडा आधी बघावा.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडल्या की ‘डीव्हीडी रीजन’ दिसतं. तिथे विभाग बदलता येतो, पण साधारण पाचदाच! पाचव्या बदलानंतर तो कायमचा अडकतो. विंडोज नव्याने टाकूनही उपयोग नाही, कारण ही मोजणी ड्राइव्हमध्येच साठते. म्हणून उगाच चाळा करू नये, दुरुस्तीवाल्यालाही करू देऊ नये. अमेरिकी डीव्हीडी बऱ्याच असतील तर त्यांच्यासाठी वेगळा यूएसबी ड्राइव्ह घेऊन त्यावर पहिला विभाग ठेवावा. ते सर्वांत सोपं.

विभाग जुळूनही चित्र अडखळलं तर धूळ बघावी. मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल नव्हे.