हौशी खेळाडूंचा दिग्विजय

सन १९२८ साली भारताचा हॉकी संघ ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांस निघाला. खेळाडू सारे हौशी. ध्यानचंद लष्करातील नोकरी सांभाळून खेळत. नागपूर ज्याची राजधानी होती, त्या मध्य प्रांताचे रेक्स नॉरिसही संघात होते. प्रयाणापूर्वी मुंबईकरांनी या संघास ३-२ असे नमविले, व बंदरावर निरोपास अवघी तीन माणसे आली. तथापि संघाने धीर सोडिला नाही. पाच सामन्यांत २९ गोल केले, स्वतःवर एकही होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात हॉलंडला ३-० असे जिंकून सुवर्णपदक मिळविले. परतताच मुंबईस स्वागतार्थ लोकांची दाटी उसळली. विजयानंतर टाळ्या पिटणारे पुष्कळ. निघतेवेळी पाठीशी उभा राहणारा विरळा. आम्ही विद्यार्थ्यांनी त्या तिघांतले व्हावे.